मदरबोर्डवरचा रेड म्हणजे हार्डवेअर रेड नव्हे

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं; ते काम वेगळं कार्ड करतं तेव्हा तो हार्डवेअर रेड. घरच्या डेस्कटॉपलाही हार्डवेअर रेडच हवा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसतो तो रेड नावापुरताच हार्डवेअर. काम ड्रायव्हर आणि आपला प्रोसेसरच करतो. खऱ्या रेड कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, आणि चांगल्या कार्डात वीज गेली तरी कॅश (डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा) जपणारी बॅटरीही.

पण ते कार्डच जळालं तर? बहुतेक वेळा त्याच कंपनीचं, त्याच जातकुळीचं कार्ड शोधावं लागतं. इथे नाशकात दुकानदार 'मुंबईहून मागवतो' म्हणतो, मग बसा वाट बघत. लिनक्सच्या एमडी रेडमध्ये, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, रचनेची नोंद डिस्कवरच असते. डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, एमडीॲडम हे त्याचं साधन ॲरे (डिस्कचा संच) पुन्हा जुळवतं. आणि दोन डिस्कच्या मिररचा (दोन्हींवर तोच डेटा) प्रोसेसरवर भार तो कितीसा!

रेड ५ मात्र जपून. त्यात डेटाबरोबर पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायचा हिशेब, डिस्कांवर वाटून ठेवतात. लिहिता लिहिता लाइट गेली तर डेटा आणि पॅरिटीचा मेळ तुटू शकतो. आमच्या सिडकोत पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून कार्डाचे पैसे आधी यूपीएसमध्ये घाला. (बॅकअप वेगळाच हवा; चुकून उडवलेली फाइल मिररमधूनही त्याच क्षणी जाते.)

लेखात झेडएफएस या फाइल सिस्टिमचं नावही नाही, याचं नवल वाटलं. दोन प्रतींपैकी बिघडलेली कोणती, हे साध्या मिररला कळत नाही. झेडएफएस चेकसमवरून (डेटाच्या पडताळणीच्या आकड्यावरून) ओळखतं आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करतं. त्यावर लिहाल का?