हरकत घ्यायला काहीच हरकत नाही

तुमच्या गावाच्या उशाशी नवी धावपट्टी येणार आहे आणि तुम्हाला तिच्यावर हरकत नोंदवायची हौस आलेली आहे, तर आधी अभिनंदन. असली हौस हल्ली दुर्मिळ झालीय. मी गेल्याच मंगळवारी अशा एका जनसुनावणीहून परत आलो. चपलेला अजून मंडपातली माती आहे आणि खिशात पोचपावती. तेव्हा अनुभव ताजा आहे तोवर चार सूचना देऊन ठेवतो. फुकट आहेत, घ्या.

पहिली सूचना म्हणजे अहवाल वाचायच्या भानगडीत पडू नका. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत सगळं छान लिहिलंय. सुनावणीआधी किमान तीस दिवस नोटीस द्यायची, पर्यावरण आघात अहवालाचा, म्हणजे प्रकल्पाने आसपासच्या निसर्गाचं काय होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा, मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, उद्योग केंद्रात लोकांना पाहायला ठेवायचा. ठेवतात हो. मी गेलो तेव्हा पहिला खंड कपाटात होता आणि दुसरा कूलरखाली. कूलर हलतो म्हणून. मी तो मागितला तर शिपायाने अगदी मनापासून विचारलं, "मग कूलरखाली काय ठेवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्याच खंडावर भागवलं. इंग्रजीत होता, साडेचारशे पानं. म्हटलं जाऊ दे, मराठी सारांश तरी वाचू. अहवाल इंग्रजीत असला तरी सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असा नियमच आहे. तोही दिला होता, बावीस पानांचा. आणि माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की सारांश तर अजिबात वाचू नका.

कारण त्यात पक्ष्यांची यादी असते. आमच्या यादीत पहिलाच पक्षी होता 'काळा पतंग'. मी दोनदा वाचलं. मग ट्यूब पेटली. इंग्रजीतल्या ब्लॅक काइटचं कुणीतरी यंत्राला सांगून मराठी करून घेतलं होतं. म्हणजे आपली घार! तिच्याखाली 'धान्यकोठार गिळणे'. ही आपली माळभिंगरी, बार्न स्वॅलो. त्याच्याखाली 'भारतीय रोलर', म्हणजे बिचारा नीलपंख. रोलर निदान धावपट्टीच्या कामाला तरी येईल. यादीच्या शेवटी लिहिलं होतं की परिसरात कोणतीही महत्त्वाची प्रजाती आढळली नाही. खरंय. धान्यकोठार गिळणे ही प्रजाती मलाही आजवर कुठे आढळलेली नाही.

दुसरी सूचना: डबा घरून न्या. नाश्त्याची पाकिटं पुढच्या दोन रांगांतच संपतात.

तिसरी, तीन मिनिटांत बोलायला शिका. आपल्या बापजाद्यांनी दोनशे वर्षं कसलेली जमीन, विहिरीचं पाणी, पोरांची झोप हे सगळं तीन मिनिटांत बसतं. सरावाने जमतं. अडीच मिनिटांना घंटी होते, तिनाला माइक जातो. मी घाबरून घारीपासूनच सुरुवात केली. म्हटलं, साहेब, अहवालात पतंग लिहिलंय ते चुकीचं आहे. यावर कंपनीच्या सल्लागारांनी उठून, टाय नीट करून, उत्तर दिलं. ते जसंच्या तसं देतो:

"विमानतळ परिसरात पतंग उडवायला मनाईच असते. त्याची आम्ही पूर्ण काळजी घेऊ."

पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. मी "अहो, पतंग नाही, घार..." म्हणेपर्यंत घंटी झाली. नियमाप्रमाणे सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तेही वाचलं: 'एका ग्रामस्थाने पतंगांबाबत शंका उपस्थित केली. तिचे समाधानकारक निरसन करण्यात आले.' खाली सही, शिक्का, व्हिडिओ चित्रीकरण. आता या देशात कुठल्याही कोर्टात गेलात तरी माझी शंका पतंगाचीच राहणार.

चौथी सूचना ओढ्याबद्दल आहे, आणि ती देताना मी शांत राहायचं ठरवलंय.

तुमच्याकडे ओढा असेल तर तो उन्हाळ्यातही वाहील अशी व्यवस्था करा. कारण पाहणी साधारणपणे एका हंगामाची करतात, आणि तो पावसाळा सोडून. आमच्याकडे मार्च ते मे केली. एप्रिलमध्ये आमच्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळे अहवालात 'प्रकल्पस्थळी बारमाही जलप्रवाह आढळला नाही' असं आलं. बरोबरच आहे, ओढा आढळलाच नाही. स्टंप आढळले असतील. नकाशावरही त्याची रेघ धावपट्टीच्या खुणेपाशी येऊन थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, मधे जणू तो श्वास रोखून धरणार आहे. आमच्या आळीतले आबा ब्याऐंशी वर्षांचे. माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पाच सालच्या पावसात पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तुम्ही भराव टाकला की ते जाणार कुठं?" सोपा प्रश्न आहे. सातवीतला पोरगा विचारील असा. उत्तर आलं, "नोंद घेतली." आबा म्हणाले, "नोंद घ्या, पण जाणार कुठं?" पुन्हा, "नोंद घेतली." अरे, नोंदीत मावणार आहे का ते पाणी? इथे भराव किती मीटरचा, मोऱ्या किती, कुठल्या मापाच्या, किती पावसाला पुरतील, यातलं एक वाक्य त्या साडेचारशे पानांत मला सापडलं नाही. कूलरखालच्या खंडात असेल तर देव जाणे. प्रवासी किती वाढतील याचा पुढच्या वीस वर्षांचा आलेख मात्र आहे, रंगीत, दोन पानांवर पसरलेला. वीस वर्षांनंतरचा प्रवासी यांना दिसतो आणि जूनमधला ओढा दिसत नाही!

शांत राहायचं ठरवलं होतं. असो.

तसं पाहिलं तर पाणी वळवता येतं. नवी मुंबईत उलवे नदी वळवली, नव्वद मीटरच्या आसपासची टेकडी फोडून सपाट केली. किनाऱ्यालगतच्या बांधकामांना आवर घालणारा किनारा नियमन क्षेत्राचा नियम आडवा येत होता, तर २००९ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळासाठी नियमातही वाट काढून दिली. २०१० ला पर्यावरण मंजुरी आली. नदी काय, नियम काय, उतार दिला की दोन्ही वळतात. आता २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात आणि झकास उडतात. तेव्हा हताश होऊ नका. वळणाऱ्या गोष्टींत आपलं घर येत नाही ना, एवढं सातबाऱ्यावर बघून घ्या.

झाडं मोजून ठेवा. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाच्या अर्जात झाडांचा धड उल्लेख नव्हता आणि सर्वोच्च न्यायालयापुढे आकडा आला ५४,६७६ चा. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने मंजुरी रोखली, फेरविचार करा म्हणाले. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून काम पुन्हा सुरू, जानेवारी २०२३ ला विमानं सुरू. चोपन्न हजार झाडं कुणाला दिसली नाहीत तिथे तुमच्या बांधावरचा आंबा कोण बघतो? आजच त्याच्याबरोबर एक फोटो काढून ठेवा.

आता कोर्टाची पायरी. चढणारच असाल तर घड्याळ लावून चढा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या खास कोर्टात, अपील करायला तीस दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुमचा ओढा खरा असला तरी तो मुदतबाह्य ओढा. मुदतीत पोचलात तर तारखा पडतात, आणि तारखांच्या मधल्या वेळात काँक्रीट पडतं. काँक्रीट वाळलं की 'आता एवढा खर्च झालाच आहे तर' हा युक्तिवाद सुरू होतो. आधी काम, मग मंजुरी हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंद केला होता. त्याच न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. मी तो निकाल कात्रण काढून भिंतीवर लावला होता. खिळा अजून तिथेच आहे.

परदेशातले दाखले देऊ नका, लोक हसतात. जपानमधल्या नरिता विमानतळाजवळच्या काही शेतकऱ्यांनी जमीन सोडली नाही म्हणून तिथली दुसरी धावपट्टी २००२ मध्ये ठरल्यापेक्षा आखूड, २,१८० मीटरची उघडावी लागली. लंडनच्या हीथ्रोची तिसरी धावपट्टी २००९ ला मंजूर, २०१० ला रद्द, २०१८ ला संसदेत पुन्हा मंजूर. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालय म्हणालं की हवामान बदलावरच्या पॅरिस कराराचा विचार केला नाही म्हणून धोरण बेकायदा, आणि डिसेंबरमध्ये वरचं न्यायालय म्हणालं, नाही, कायदेशीर. मी हे मंडपात सांगायला लागलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "काका, लंडनला कशानं गेला होता? बैलगाडीनं?" मी लंडनला गेलेलो नाही. पण हशा झाला आणि त्यात माझं एक मिनिट गेलं.

यावरून पुढची सूचना: आयुष्यात एकदाही विमानात बसला असाल तर हरकत घेऊ नका.

आणि विकासविरोधी म्हणवून घ्यायची सवय लावा. आरशासमोर रोज दोनदा.

आता पुरे. उपरोध माझ्याच्याने निभत नाही, सरळ बोलतो.

मला विमान नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. मुलगी बंगळूरला असते, वर्षातून दोनदा मी याच विमानतळावरून जातो. जुन्या धावपट्टीवर गर्दी झालीय हेही दिसतं, खाली उतरायला जागा नाही म्हणून विमान डोक्यावर घिरट्या घालत राहतं तेव्हा मी त्या विमानात बसलेलो आहे. धावपट्टी लागेल तर लागेल. पण सल्लागार साहेब, तुम्ही या कामाचे पैसे घेतलेत ना? मग बावीस पानं छापायला देण्याआधी एकदा, फक्त एकदा, एखाद्या मराठी माणसाकडून वाचून घ्यायला काय झालं होतं? पतंग इंजिनात जाऊन विमान पाडत नाही हो, घार पाडू शकते. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकायला, उघड्यावर जनावरं कापायला विमान नियमांतच बंदी आहे, ती याच घारींसाठी. आणि नव्या धावपट्टीच्या टोकापासून तीन किलोमीटरवर आमच्या नगरपालिकेचा कचरा डेपो आहे. सकाळी नऊला तिथे आभाळ काळं झालेलं असतं घारींनी. हे मला सांगायचं होतं! तुमच्याच विमानातल्या माणसांच्या जिवाची गोष्ट होती ती. तुम्ही टाय नीट केलात आणि टाळ्या घेतल्या.

साहेब, तुम्ही सुनावणीचे अध्यक्ष होतात. आबांचं म्हणणं लिहून घेताना तुमचं पेन हललं नाही, मी पाहत होतो. 'नोंद घेतली' म्हणालात आणि मोबाइल उचललात. इतिवृत्तात आबांची पायरी नाही, ओढा नाही. नोंद घेतली म्हणजे नेमकं काय घेतलंत?

आणि गाववाल्यांनो, तुम्हालाही सोडणार नाही. सुनावणीला किमान इतकी माणसं हवीत अशी अट कायद्यातच नाही, गणपूर्ती लागत नाही. मंडपात शून्य माणूस असता तरी सुनावणी झाली म्हणून लागलं असतं. तुम्ही जवळजवळ तसंच करून दाखवलंत. दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या, निम्म्या रिकाम्या, भरलेल्यांतल्या दोन रांगा त्यांच्याच. महिन्यापूर्वी एकरी दर किती मिळणार म्हणून बैठक होती तेव्हा उभं राहायला जागा नव्हती, शाळेच्या खिडक्यांवर माणसं बसली होती. दर मागा, जरूर मागा, जमीन तुमची आहे. पण पाणी काय फक्त जमीन न विकणाऱ्यांच्याच घरात शिरणार आहे? पावसाळ्यात मला फोन करायचा नाही, "काका, तुम्ही तेव्हा बोलला होता ना" म्हणून. मी बोललो होतो. पतंगाबद्दल.

लेखी म्हणणं मी दिलेलं आहे, सव्वीस पानांचं, ओढ्याच्या जुलैतल्या फोटोंसकट. त्याची पोचपावती खिशात आहे. इतिवृत्ताची प्रत आणि दुसरा खंड मागायला उद्या पुन्हा जातोय. साडेनऊची एसटी आहे, येणार असाल तर फाट्यावर या. या खेपेला पिशवीत एक वीट टाकलीय. कूलरखाली ठेवायला.