दिनागात-शारगाव प्रवासाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार,

जानेवारी 2023 मध्ये तुम्ही दोघं आम्ही आखून दिलेल्या मार्गाने फिलिपिन्सच्या दिनागात आणि शारगाव बेटांवर फिरून आलात. परतल्यावर एकच तारा देऊन जे लिहिलंत, ते मी तीन वेळा वाचलं. तुमचं म्हणणं असं: वादळाने मोडलेल्या बेटांवर आम्ही पाठवलं आणि त्याची धड कल्पना दिली नाही. या बेटांकडे बोटी जिथून सुटतात त्या सुरिगाव शहराच्या बंदरात बोटी बंद असल्यामुळे दोन दिवस वाया गेले आणि आमच्या तिथल्या माणसाने जादा पैसे घेऊन खासगी होडी ठरवून द्यायला नकार दिला. दिनागातला वीज जात होती, जेवणाचे हाल झाले, किनाऱ्यावर कुजकी खोडं पडलेली होती. तात्पुरत्या धक्क्याच्या फळीवरून तुमच्या पत्नी घसरल्या आणि गुडघा दुखावला. आणि शेवटचं वाक्य, "दुसऱ्याच्या पडलेल्या घरांवर यांचा धंदा चालतो."

तिकडे जायचं मनात असलेले आणखी लोक हे वाचतील, म्हणून उत्तर खासगीत न देता इथेच देते.

आधी माझी चूक. तुम्हाला आखून दिलेल्या प्रवासाच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर "आता तिथे सर्व काही पूर्ववत झाले आहे" असं वाक्य आहे. ते मी लिहिलं आणि ते खोटं ठरलं. नोव्हेंबरमध्ये मी शारगावच्या जनरल लुना गावातल्या लोकांशी बोलले होते. तिथली हॉटेलं उघडली होती, सर्फिंग शिकवणारी पोरं पुन्हा पाण्यात उतरली होती. त्यांनी मला त्यांच्या गावाबद्दल खरं तेच सांगितलं. एका गावाची हकीकत मी दोन बेटांना लावली. दिनागात हा वेगळा प्रांत आहे. 2006 मध्ये तो सुरिगाव देल नोर्ते या प्रांतातून वेगळा झाला. पर्यटक तिकडे पूर्वीपासून कमी, त्यामुळे हॉटेलवाल्यांचा पैसाही कमी आणि घरं उभी राहण्याचा वेगही कमी. निळ्या ताडपत्रीची छपरं तुम्हाला तिथे दिसली ती यामुळे. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण तुम्ही पैसे त्यासाठीच दिले होते.

ते वादळ काय होतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 16 डिसेंबर 2021 ला दुपारी दीडच्या सुमारास ते जनरल लुनावर आदळलं. जगाने त्याला 'राय' म्हटलं, तिथले लोक 'ओडेट' म्हणतात. दोन तासांच्या आत ते दिनागातच्या काग्दियानाववर होतं, मग दक्षिण लेते, बोहोल, सेबू, नेग्रोस, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालावान. एकूण नऊ वेळा ते जमिनीवर चढलं. किनारा गाठण्याआधी ते झपाट्याने बळावलं, आणि पहिल्या धडकेला वाऱ्याचा वेग ताशी 195 किलोमीटर होता. चारशेहून जास्त माणसं गेली. पुढे तिथल्या हवामान खात्याने ओडेट हे नावच वादळांच्या यादीतून काढून टाकलं. पुन्हा कुठल्याही वादळाला ते दिलं जाणार नाही.

माझं माहेर दिवेआगरचं. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आमच्या वाडीवरून गेलं, तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी 120 किलोमीटरच्या आसपास होते. तेवढ्याने पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, घराचे पत्रे शेजारच्या आगरात जाऊन पडले आणि वीज यायला महिना उलटला. म्हणून 195 हा आकडा मला नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही.

किनाऱ्यावरच्या खोडांबद्दल तुम्ही "साफसफाईची इच्छाच नाही" असं लिहिलंय, ते मला लागलं. माड पडला की त्याच्या फळ्या लवकर पाडाव्या लागतात, नाहीतर लाकूड कुजतं. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. कोकणातल्या बागायतदारांना हे सांगायला नको. पण अख्ख्या गावाचे माड एका दुपारी झोपतात, तेव्हा करवती मोजक्या असतात आणि इंधन महाग असतं. पहिली खोडं राहत्या घरावरची आणि रस्त्यावरची उचलायची, किनाऱ्यावरच्यांचा नंबर शेवटी. नवीन लावलेला उंच जातीचा माड फळायला सहा-सात वर्षं घेतो. ज्या घरात तुम्ही राहिलात त्यांचं उत्पन्न खोबऱ्याचं होतं. तेवढी वर्षं ते त्यांच्या हाती नाही.

आता बोटीचं. इथे मी माफी मागणार नाही.

फिलिपिन्सच्या पूर्वेकडची ही बेटं थेट प्रशांत महासागराला तोंड देतात. आपण समजतो की डिसेंबर-जानेवारी म्हणजे कोरडा हंगाम. त्या देशाच्या पश्चिम बाजूला ते खरंही आहे. शारगाव, दिनागात, सुरिगावला मात्र ईशान्येचे वारे, ज्यांना तिथे 'आमिहान' म्हणतात, नेमके याच महिन्यांत पाऊस आणतात. वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस तिथे तेव्हाच पडतो. वाऱ्याचा इशारा लागला की तटरक्षक दल छोट्या होड्यांना बंदर सोडू देत नाही. त्या दोन दिवसांत तसा इशारा होता. तिथल्या या छोट्या होडीला बांका म्हणतात. बांका म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे तरंगते दांडे, लावलेली होडी. मालवणकडच्या वाचकांना उलांडी म्हटल्यावर ती डोळ्यांपुढे येईल. सपाट समुद्रात ती छान चालते. वाऱ्यात उलांडी मोडली तर कलंडायला वेळ लागत नाही.

आमच्या माणसाला तुम्ही दुप्पट पैसे देऊ केलेत, हे त्याने मला त्याच रात्री सांगितलं. त्याच्या सख्ख्या भावाची होडी ओडेटमध्ये गेली. नवी होडी कर्जावर घेतलेली आहे, आणि ते पैसे त्याला नको होते असं अजिबात नाही. तरीही तो नाही म्हणाला. मी तिथे असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. पुढच्या कुठल्याही ग्राहकासाठी तो असंच करेल, आणि ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी आमच्याकडून आराखडा घेऊ नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

पण ते दोन दिवस तुमचे बुडाले यात माझा वाटा आहेच. जानेवारीत पाऊस असतो हे मी आराखड्याच्या शेवटच्या पानावर, साहित्याच्या यादीखाली लिहिलं होतं. ते पहिल्या पानावर हवं होतं. आणि दोन बोटींच्या मध्ये एकही मोकळा दिवस ठेवला नव्हता. बेटांवरून बेटांवर स्वतःच्या हिमतीने फिरणाऱ्याला मोकळा दिवस तिकिटाइतकाच लागतो. सुट्टी आठ दिवसांची म्हणून मी सगळं त्यात कोंबलं. आता आम्ही आठ दिवसांत एकच बेट देतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोणी विचारलं तर आधी महिना बदलायला सुचवतो.

जेवणाचं थोडक्यात सांगते. तिथल्या साध्या खानावळीत शुद्ध शाकाहारी मिळणं अवघडच असतं. मुगाची उसळ मिळते, पण तिच्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असते. आधी सांगितलं तर वेगळी करून देतात. तुम्हाला पाठवलेल्या कागदावर त्यासाठीची स्थानिक भाषेतली वाक्यं होती. ती वापरली गेली नसतील तर मला वाईट वाटतं, पण यात आमचा दोष मी धरत नाही. वीज जाईल हे मात्र सांगायला हवं होतं.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. माझ्या आईची दिवेआगरला घरगुती खानावळ आहे. निसर्गनंतर कितीतरी महिन्यांनी पहिलं कुटुंब पुण्याहून आलं, तेव्हा पडवीवर अजून ताडपत्रीच होती. आईला तिची लाज वाटत होती. "असं घर दाखवायचं का लोकांना," असं ती दोनदा म्हणाली. तरी पहाटे चारला उठून तिने मोदक केले. त्या कुटुंबाने दोन दिवसांचे जे पैसे दिले त्यातून विजेच्या पंपाची दुरुस्ती झाली. त्यांनी ताडपत्रीकडे बघून न बघितल्यासारखं केलं नाही. काय झालं होतं ते त्यांनी विचारलं, आणि आई त्या वादळाबद्दल पहिल्यांदा कुणा बाहेरच्याशी बोलली.

म्हणून पडलेल्या घराशेजारी उभं राहून तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, ते मी चुकीचं मानत नाही. तुमच्या जागी मलाही झालं असतं. पण त्यावरचा उपाय तिकडे न जाणं आहे, हे मला पटत नाही. दिनागातच्या त्या ताईंनी तुम्हाला दिलेली खोली त्यांच्या मुलीची होती. भाड्यातला आमचा हिस्सा शून्य आहे. आम्ही फक्त आराखड्याचं शुल्क घेतो, खोलीचे पैसे प्रवासी थेट घरमालकाच्या हातात देतात. हे आम्ही कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमचा समज झाला असेल. आता ते पहिल्या पानावर येईल, पावसाच्या शेजारी.

आराखड्याचं संपूर्ण शुल्क आणि सुरिगावमधल्या दोन जादा रात्रींचं हॉटेलचं भाडं मी परत करते आहे. पावती नसली तरी चालेल, रक्कम सांगा. पैसे घेतलेत म्हणून परीक्षण बदलायची किंवा काढायची गरज नाही. ते इथेच राहू दे, कारण जानेवारीच्या पावसाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या आराखड्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

त्या घरच्या ताईंना तिथे सगळे 'आते' म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. धक्क्यावरची ती फळी बदलली आहे आणि बाजूला धरायला दोर बांधला आहे, हे तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितलं. तुमच्या पत्नींचा गुडघा बरा झाला का, असंही विचारलंय. कळवलंत तर निरोप पोचवते.