घड्याळाची बॅटरी ३७व्या किलोमीटरला संपली म्हणे

सकाळपासून डोकं फिरलंय. एका मॅरेथॉनच्या फिनिश लाइनवरचा फोटो फिरतोय. गळ्यात मेडल, खाली "३:५८! पहिली सब-फोर!" (म्हणजे चार तासांच्या आत) आणि त्याखाली अभिनंदनाचा धो धो पाऊस. तुमच्यातल्या निम्म्यांनी बदाम टाकलेत तिथे, दिसतात मला. आता बदाम टाकून झाले असतील तर निकालही उघडून बघा. बिब नंबर, म्हणजे छातीवरचा क्रमांक, घातला की सगळ्यांना दिसतो, काही गुपित नाही त्यात.

५ किमी २८:१०. १० किमी ५६:४०. हाफ (२१.१ किमी) २:०३. २५ किमी २:३०. ३० किमी, रिकामं. ३५ किमी, रिकामं. ४० किमी ३:४२. फिनिश ३:५८.

गणित करा. पहिले पाच किलोमीटर ५:३८ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ३८ सेकंद. हाफनंतर गाडी घसरून जवळपास सातवर आली. आणि मग २५ ते ४० हे पंधरा किलोमीटर ७२ मिनिटांत, म्हणजे ४:४८ चा पेस! त्यानंतरचे शेवटचे दोन किलोमीटर आणि वरचे १९५ मीटर पुन्हा सव्वासातने. पाय मरत आलेला माणूस अचानक तासभर हरणासारखा पळतो आणि ४० चा बोर्ड दिसताच पुन्हा लंगडायला लागतो. कुठल्या शरीरात होतं हे?

रस्त्यावरचा वेळ नोंदणारा मॅट कधीकधी बिबवरची चिप वाचत नाही, मान्य. बिबला घडी पडली, वर जॅकेट आलं, बेल्टखाली दबलं की एखादा स्प्लिट, म्हणजे टप्प्याची वेळ, हुकतो. पण लागोपाठ दोन हुकायचे आणि नेमक्या त्याच टप्प्यात पेस दोन मिनिटांनी सुधारायचा, हे चिपचं काम नाही. त्या रूटवर यू-टर्न ३२.५ किलोमीटरला आहे. म्हणजे जाताना ३० चा मॅट आणि येताना ३५ चा मॅट दुभाजकाच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर. मॅट दिसायला लागल्यावर, त्याच्या दोन-तीनशे मीटर अलीकडे, दुभाजक ओलांडला की दोन्ही मॅट चुकतात आणि साडेपाच किलोमीटर वाचतात. मग पंधराचे उरतात साडेनऊ, आणि ७२ मिनिटांत साडेनऊ म्हणजे साडेसातचा पेस. चालत, पळत, चालत. आता कसं सगळं जुळतं.

कुणीतरी कमेंटमध्ये घड्याळाची नोंद मागितली. उत्तर आलं, "बॅटरी ३७ ला संपली." अरे बाबा, ४२.२ मधून साडेपाच गेले की किती उरतात? बॅटरी संपली नाही, धावणं संपलं तिथे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रमाणित रूट सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात, तोही वळणांवर आतल्या बाजूने, सर्वांत जवळच्या रेषेने. त्यावर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात, रूट चुकूनही कमी भरू नये म्हणून. म्हणजे मॅरेथॉनमध्ये ४२ मीटर आधीच जास्तीचे. तुम्ही त्या रेषेवरून पळत नाही, पाण्याच्या टेबलाकडे जाता, लोकांना वळसा घालता. म्हणून घड्याळ फिनिशला साधारण ४२.४ ते ४२.८ दाखवतं. मोकळ्या रस्त्यावर ते ४१ च्या खाली दिसलं तर आधी स्वतःला विचारावं, मग जीपीएसला शिव्या द्याव्यात.

इथपर्यंत तावातावाने टाइप केलं आणि मग त्याच पोस्टचा वरचा भाग पुन्हा वाचला. तिथे अभिमानाने लिहिलंय, "दोन महिने कार्ब बंद. भात नाही, ब्रेड नाही, फळंसुद्धा नाहीत. रेसच्या सकाळी फक्त पाणी. एकही जेल नाही. शुद्ध विल पॉवर!" (जेल म्हणजे धावताना घ्यायचं, पाकिटातलं घट्ट कार्ब.)

इथे राग थोडा उतरला. म्हणजे त्या माणसावरचा उतरला आणि त्याला हे शिकवणाऱ्यांवर चढला.

धावताना दर किलोला, दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी जाते. साठ किलोचा माणूस मॅरेथॉनमध्ये अडीच हजारांच्या आसपास जाळतो. नीट जेवणाऱ्याच्या स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कार्ब, असतं, यकृतात आणखी ऐंशी-शंभर. झाल्या दोन-सव्वादोन हजार कॅलरी. चरबी सोबतीला जळत असतेच, पण तेवढीच ऊर्जा काढायला तिला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून नुसत्या चरबीवर पेस टिकत नाही. भरल्या टाकीनेसुद्धा वाटेत काही खाल्लं नाही तर तिसाव्या किलोमीटरनंतर वॉल लागते, म्हणजे इंधन संपून पाय चालेनासे होतात. याने टाकी दोन महिने रिकामी ठेवली आणि सकाळी उपाशी पळाला. पंचविसाव्या किलोमीटरलाच सातचा पेस आला यात नवल काय? त्यात यकृतातला साठा संपला की रक्तातली साखर उतरते आणि डोकं चालेनासं होतं. साध्या बेरजा चुकतात, रडू येतं, कुणावरही चिडायला होतं. त्या अवस्थेत दुभाजक समोर होता आणि पलीकडून लोक परत येत होते. मी त्याला वळल्याबद्दल फार बोलणार नाही.

पण पोस्ट? ती संध्याकाळी टाकलीय. अंघोळ, जेवण, झोप सगळं झाल्यावर. तेव्हा मेंदूला साखर होती ना? तिथे विल पॉवर कुठे गेली?

असो. कार्ब बंद करायला सांगणाऱ्यांनो, अतिलांब पल्ला हळू पेसने कापणाऱ्या काही जणांना कमी कार्बवर जमतं, ठीक आहे. सब-फोर मॅरेथॉन हा तो प्रकार नाही. आणि पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो दाखवून लोकांना भुलवता, ते बहुतेक पाणी असतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा गेला की पाणी गेलं, काटा खाली आला, ग्रुपवर टाळ्या. उलट रेसच्या आधी नीट कार्ब खाल्ले की वजन किलो-दीड किलो वाढतं आणि लोक घाबरून जेवण तोडतात. वाढू द्या! ते इंधन आहे आणि त्याच्यासोबतचं पाणी आहे.

करायचं काय तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसती चिडते.

रेसच्या आधीचे दोन दिवस वजनाच्या दर किलोला ८ ते १० ग्रॅम कार्ब. तयारीचे धावपटू १२ पर्यंत जातात. साठ किलोला ४८० ते ६००. हे नुसत्या भातातून करायला गेलात तर ताटावरच वॉल लागेल, कारण शिजवलेल्या शंभर ग्रॅम भातात २८ च्या आसपासच कार्ब असतात. म्हणून फळांचा रस, जॅम, मध, पांढरा ब्रेड, उकडलेला बटाटा असं वाटून घ्या. होय, पांढरा ब्रेड. एरवी तुम्ही ज्याला नाकं मुरडता तोच. शेवटच्या दिवशी कोंडा, कडधान्यं, कच्ची सॅलड कमी करा, नाहीतर पंधराव्या किलोमीटरला रूट सोडून टॉयलेटची रांग धरावी लागेल. तळलेलंही नको. "कार्ब लोडिंग" म्हणून तुपातेलाचं हाणू नका, पोट जड होतं आणि कार्ब खायचे राहूनच जातात.

रेसच्या तीन तास आधी किलोला दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दोन केळी, ब्रेडचे तीन स्लाइस आणि दोन मोठे चमचे जॅम, झाले सुमारे १२०. पहाटे उठायचा कंटाळा येतो, माहितीये. मग रात्री लवकर झोपा.

धावताना पहिलं जेल अर्ध्या तासाला, भूक लागायची वाट न बघता. भूक कळते तोवर उशीर झालेला असतो. नंतर दर अर्ध्या तासाला एक. बहुतेक जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात, पाकिटावर बघा. तासाला ४० ते ६० ग्रॅम बसले की चार तासांची मॅरेथॉन निघते. ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या वर आतड्यातून शोषलं जात नाही, त्याची वाटच तेवढी. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं, म्हणून ९० पर्यंत जायचं असेल तर दोन्ही असलेलं उत्पादन लागतं. जेलवर साधं पाणी प्यायचं, स्पोर्ट्स ड्रिंक नाही. दोन्ही एकत्र झाले की पोटातलं मिश्रण फार घट्ट होतं, आणि मग ढवळणं, उलटी, "मला जेल सोसतच नाही" हे सगळं सुरू. जेल सोसतं. सवय केलेली नसते. सहा ते आठ आठवडे लाँग रनमध्ये तेच जेल, त्याच अंतराने घ्या.

पाणी मात्र मोजून. लाँग रनच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे प्यायलात त्याहून साधारण एक लिटर जास्त घाम गेला. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात, आणि तो प्रकार गंभीर आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं ठणकतं, बोटं सुजतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि आजूबाजूचे त्याला आणखी पाणी पाजतात. यात माणसं दगावली आहेत.

त्याच पोस्टखाली एकाने रेसच्या आधी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा फोटो टाकलाय, आठवण झाली म्हणून सांगते. आयबुप्रोफेन बंदीच्या यादीत नाही, म्हणजे नियमाने तुम्ही मोकळे. पण धावताना मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळतं आणि ही गोळी ते आणखी कमी करते. नियमात बसलं म्हणून मूत्रपिंडाला चालतं असं नाही. ट्रॅमाडॉल हे दुसरं वेदनाशामक तर २०२४ पासून स्पर्धेत बंदीच आहे. आणि जिममध्ये कुणीतरी दिलेल्या डब्यातल्या पावडरीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल तरी जबाबदारी तुमचीच. डोपिंगच्या नियमांत "मला माहीत नव्हतं" याने फार तर शिक्षा कमी होते, निकाल वाचत नाही.

"हौशी माणूस आहे, कुणाचं काय गेलं?" ही कमेंट चार वेळा वाचली. १९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुइझ शेवटच्या मैलात गर्दीतून घुसली आणि २:३१:५६ मध्ये "जिंकली". आठवडाभराने तिचं नाव निकालातून काढून टाकलं आणि कॅनडाच्या जॅकलिन गारोला विजेती ठरवलं. पण फिनिशची रेषा पहिली ओलांडण्याचा तो क्षण? तो काही गारोला परत मिळाला नाही. इथे गारो कोण, विचाराल. त्या दिवशी ३:५९ साठी पळून ४:०१ ला पोचलेला कुणीही. वयोगटात एक पायरी खाली गेलेला कुणीही.

आणि हो, तो स्पेनचा किस्सा तुम्हीच दर दोन महिन्यांनी फॉरवर्ड करता. केनियाचा आबेल मुताई रेस संपली समजून फिनिशच्या अलीकडेच थांबला आणि मागून आलेल्या इव्हान फर्नांडेझ अनायाने पुढे न जाता त्याला खुणा करून रेषेपर्यंत नेलं. डोळ्यांत पाणी येतं ना? (ऑलिंपिक नव्हतं ते, २०१२ च्या डिसेंबरमधली बुर्लादाची क्रॉसकंट्री होती. मुताईचं कांस्य त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमधलं. फॉरवर्ड दुरुस्त करा.) तो किस्सा पाठवणारे तेच हात आज इथे बदाम टाकतायत.

बिब विकणाऱ्यांवर वेगळं लिहायला हवं. एवढंच सांगते, बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर असतो. दुसऱ्याच्या बिबवर पळताना कोसळलात तर अॅम्ब्युलन्सवाले भलत्याच घरी फोन करतील.

आता तू. हे वाचशील, आपले ओळखीचे लोक कमी नाहीत. तुझा निकाल यादीतून अजून कुणी काढून टाकलेला नाही. आयोजकांना दोन ओळींची मेल कर: बिब क्रमांक अमुक, ३० च्या मॅटच्या आधी वळलो, निकालात डीएनएफ (रेस पूर्ण केली नाही) करा. कारण द्यायची गरज नाही, ते विचारतही नाहीत. मग पंधरा दिवस नीट जेव. भात खा. त्यानंतर तीस किलोमीटरचा एक लाँग रन कर, अर्ध्या तासाला एक जेल घेऊन, आणि शेवटच्या पाचचा पेस मला पाठव. तुझ्या पहिल्या दहाचे आकडे खरे आहेत. त्यांवरून सांगते, चार तास तुझ्या आवाक्याबाहेर नाहीत.

मेडल बहुतेक कुणी परत मागणार नाही. फोटो तेवढा काढून टाक.