वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख: एका दाव्याची तपासणी

‘माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे अतिशय दुर्मीळ आणि शुभ असून त्याला प्रचंड मागणी आहे, त्याचे दहा लाख रुपये मिळतात, फोटो पाठवा आणि नोंदणी करा,’ अशा आशयाचा मजकूर गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्यातले प्रत्येक विधान वेगळ्या कारणाने चुकीचे आहे, म्हणून ती सुटी सुटी पाहावी लागतात.

आधी दुर्मीळतेचे बघू. 1986 साली स्थापन झालेल्या, वैष्णोदेवी देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हे नाणे निघाले आणि त्यावर 2012 हे साल आहे. टांकसाळ संग्राहकांसाठी प्रूफ (आरशासारख्या चकाकीची, खास पाडलेली नाणी) व यूएनसी (चलनात न उतरलेली, न हाताळलेली नाणी) संच वेगळे काढते आणि ते चढ्या किमतीला विकते. आपल्या गल्ल्यात सापडते ते मात्र चलनासाठी पाडलेले आणि बँकांमार्फत बाजारात उतरलेले नाणे असते. नाणे स्मारक आहे एवढ्याने ते दुर्मीळ ठरत नाही. गंमत अशी की, याच दहा रुपयांच्या नाण्यांना कित्येक दुकानदार हात लावत नसत, आणि अखेर जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारांतली नाणी चलनात वैध आहेत.

मग किंमत ठरते कशावर? पाचाचे नाणे निकेल-पितळेचे, 23 मिलिमीटर व्यासाचे आणि 6 ग्रॅम वजनाचे असते. दहाचे दोन धातूंचे, 27 मिलिमीटरचे आणि 7.71 ग्रॅमचे. वजन-माप जुळले की सालाखालची खूण भिंगातून पाहावी: हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता टांकसाळ. त्यानंतर प्रश्न येतो अवस्थेचा. हाताळून झिजलेल्या नाण्याला दर्शनी किमतीहून फारसे अधिक कोणी देत नाही. मूळ झळाळी टिकलेल्याला थोडे जास्त मिळते, पण तो हिशेबही दहा-वीस रुपयांपासून फार तर शंभराच्या आतबाहेर राहतो. (चिंच किंवा पॉलिश लावून आणलेली चमक जाणकाराला लगेच कळते आणि ती किंमत उतरवते.) खरा अपवाद टांकसाळीतल्या चुकांचा. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर दुसऱ्या बाजूचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. अशा नाण्याला व्यापारी ‘लाखी’ म्हणतात आणि त्याला बरी किंमत येते, पण ती या चुकीची असते, चित्राची नव्हे.

देवीच्या प्रतिमेमुळे नाणे शुभ, म्हणून मागणी प्रचंड, हे दुसरे विधान. श्रद्धेने नाणे जपणारे पुष्कळ आहेत. पण ते स्वतःजवळचे नाणे जपतात, दहा लाखांना दुसऱ्याचे विकत घेत नाहीत.

पुरावा म्हणून संकेतस्थळावरील जाहिरातीचे छायाचित्र जोडलेले असते. तिथे दिसतो तो विकणाऱ्याने मागितलेला आकडा, आणि तो कोणीही कितीही टाकू शकतो. संग्राहक पाहतो ती लिलावात प्रत्यक्ष पडलेली बोली.

राहिला रिझर्व्ह बँकेच्या नावाने मागितला जाणारा नोंदणी शुल्क किंवा कर. 4 ऑगस्ट 2021 च्या पत्रकात बँकेने स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.