पेठेतल्या दुकानांसाठी कचरा योजना कशी आखावी

सांगलीसारख्या शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी कचऱ्याची योजना आखायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. घाबरू नका, त्यात कचऱ्याचा फारसा संबंध येत नाही.

आधी बैठक लावा. सकाळी अकराला, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. म्हणजे 'व्यापाऱ्यांचा प्रतिसाद नाही' असं लिहायला मोकळे. आलेल्या चौघांपुढे पाण्याच्या छोट्या बाटल्या हव्यातच.

भंगारवाल्याला बोलावू नका. पुठ्ठा कोण घेतं, कशाला भाव आहे आणि कशाला कुत्रं विचारत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. असा माणूस समोर बसला तर सल्लागारानं काय बोलायचं? कचरावेचकांना व्यवस्थेत घ्या असं घनकचरा नियमांत आहे म्हणे. असू दे, नियम कोण वाचतंय.

भिंती रंगवा. भरपूर रंगवा.

थर्माकोलचा विषय काढू नका.

आता गाडीची वेळ. ती सकाळी सातच ठेवा. मारुती रोडवर शटर दहाला वर जातं, हा दुकानदारांचा आळस. रात्री त्यांनी पिशवी दारात ठेवावी, कुत्र्यांनी ती फाडावी आणि सकाळी तुमच्या माणसानं पावती फाडावी, अशी साखळी छान जमते. परवा माझ्याच दुकानाची पावती फाडली. मिक्सरच्या खोक्यातलं प्लास्टिक आणि पॅकिंगच्या पट्ट्या, सगळा सुका माल, वेगळा बांधलेला.

"साहेब, वेगळा केलाय की."

"वेगळा असू दे, बाहेर का ठेवला?"

"गाडी येते तेव्हा दुकान बंद असतं."

"ते गाडीवाल्याला विचारा."

विचारलं! पहाटे उठून, आंघोळ न करता जाऊन उभा राहिलो. त्यानं माझी पिशवी उचलली आणि शेजारच्या हॉटेलच्या शिळ्या रश्श्यावर उपडी केली. माझ्यादेखत! मधली फळी कुठंय विचारलं तर म्हणे, "मोडली." कधी मोडली, कोण बसवणार, काही नाही. बाहेरून मात्र गाडीवर 'ओला वेगळा, सुका वेगळा' आणि भोंग्यावर गाणं. अरे, एकत्रच ओतायचं होतं तर आमच्याकडून वेगळं कशाला करून घेता? पोरं कामाला ठेवलीत ती काय तुमच्या गाडीत कालवायला पट्ट्या निवडत बसायची?

सल्ले देऊन झाले. आता सरळ सांगतो. एकदा रात्री नवाला पेठेतून चालत जा. शटर पडताना एक फेरी ठेवा. पुठ्ठा-प्लास्टिकला आठवड्यातले दोन दिवस वेगळे द्या. ती फळी बसवा. एवढ्याला सल्लागार लागत नाही.

आणि व्यापारी मंडळी, तुम्ही गालात हसू नका. शटर ओढताना केर शेजाऱ्याच्या दाराकडं कोण लोटतं? बंदी असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्या काउंटरखाली कोण दडवतं? हॉटेलवाल्यांनो, ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा, हेही त्याच घनकचरा नियमांत आहे. तो रात्री गटारीत कोण सोडतं? जून लागला की तीच गटार तुंबते, पाणी तुमच्याच पायरीला लागतं, आणि मग बोंब कुणाच्या नावानं मारता?