टोलमाफीचं बिल गावच्या रस्त्यावर फाडू नका

एप्रिलमध्ये टोलचे दर वाढले, एखाद्या नाक्यावर मोठी रांग लागली किंवा निवडणूक जवळ आली, की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "गाडी घेताना रोड टॅक्स भरला, रोज पेट्रोलवर सेस भरतो, मग टोल कशाला? रस्त्याचा खर्च केव्हाच वसूल झालाय. सरकारने मनावर घेतलं तर उद्या सगळे नाके बंद होतील. टोल गेला की शेतमालाची वाहतूक स्वस्त होईल आणि खेड्यांचं भलं होईल."

यामागचा राग खरा आहे. काही ठिकाणी मेसेजचं म्हणणंही बरोबर आहे, ते पुढे येईलच. पण टोलमुक्त महामार्गांमुळे ग्रामीण महाराष्ट्राचा फायदा होईल, हा निष्कर्ष हिशेबात बसत नाही. एकेक दावा घेऊ.

"रोड टॅक्स भरलाय, तोच पुरे"

रोड टॅक्स म्हणजे मोटार वाहन कर. तो राज्य सरकार घेतं आणि तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून पगार, पेन्शन, कर्जाचं व्याज, शाळा, दवाखाने आणि रस्ते अशा सगळ्याच गोष्टी चालतात. हा पैसा फक्त रस्त्यांसाठी बाजूला काढून ठेवलेला नसतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतात. म्हणजे ज्या नाक्यावर आपण "कर भरलाय" म्हणून भांडतो, त्या रस्त्याच्या मालकाकडे तो कर गेलेलाच नसतो.

समजा, सगळं एकाच तिजोरीत गेलं. तरी काय होतं? नऊ लाखांच्या पेट्रोल कारवर महाराष्ट्रात ११ टक्के कर बसतो. म्हणजे ९९ हजार, तेही पंधरा वर्षांसाठी एकदाच. वर्षाला ६,६०० रुपये झाले. चौपदरी महामार्गाचा खर्च भूसंपादन धरून किलोमीटरला सहज २० कोटींच्या पुढे जातो. त्यामुळे अशा दोन हजारांहून जास्त गाड्यांचा पंधरा वर्षांचा पूर्ण कर एका किलोमीटरच्या नुसत्या बांधणीत संपतो. देखभाल आणि व्याज वेगळंच.

राज्यात सगळे मिळून तीन लाख किलोमीटरच्या आसपास रस्ते आहेत. त्यात राष्ट्रीय महामार्ग १८ हजार किलोमीटरच्या घरात. उरलेल्यात बहुतांश प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. त्यांवर टोल लावायचा म्हटलं तर नाक्यावरच्या माणसांचा पगारही निघणार नाही, इतकी वर्दळ कमी. त्यांना कराचाच पैसा लागतो, दुसरा मार्गच नाही. म्हणून महामार्ग जेव्हा कराच्या पैशाकडे हात पसरतो, तेव्हा तो याच रस्त्यांच्या वाट्यात हात घालतो.

"पेट्रोल-डिझेलवर सेस घेताच की"

मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

या सेसचा, म्हणजे उपकराचा, पैसा केंद्रीय रस्ते निधीत जातो. त्या निधीचा कायदा २००० सालचा. २०१८ मध्ये त्याचा 'रस्ते आणि पायाभूत सुविधा' निधी झाला, म्हणजे तेव्हापासून त्यातून रस्त्यांखेरीज इतर कामांनाही पैसा जातो. या निधीत येणारा उपकर मे २०२० मध्ये लिटरला १८ रुपयांपर्यंत गेला होता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने इंधनावरचं शुल्क कमी केलं, तेव्हा कात्री याच उपकराला लागली. मे २०२२ नंतर तो पेट्रोलवर ५ रुपये आणि डिझेलवर २ रुपये राहिला. पंपावर दिसणाऱ्या करातला बाकीचा भाग सर्वसाधारण अबकारी शुल्क, कृषी उपकर आणि राज्याचा व्हॅट असतो. तो रस्त्यांसाठी राखलेला नाही. आणि उरलेल्या या उपकरातूनच प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेलाही पैसा जातो.

आता टोल काढून टाकला आणि तेवढीच रक्कम इंधनातून उभी करायची ठरवली, तर? राष्ट्रीय महामार्गांवर २०२४-२५ मध्ये सुमारे ६१ हजार कोटींचा टोल जमा झाला. त्या वर्षी देशात अंदाजे ४ कोटी टन पेट्रोल आणि ९ कोटी टनांहून थोडं जास्त डिझेल खपलं. दोन्ही मिळून ते १६,४०० कोटी लिटरच्या आसपास होतं. म्हणजे लिटरमागे एक रुपया वाढवला की १६,४०० कोटी रुपये मिळतात, आणि टोलची जागा भरायला लिटरला सुमारे पावणेचार रुपये लागतात.

हे पावणेचार रुपये कोण भरणार ते पाहा. २००८ च्या टोल नियमांनुसार दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडीला टोल नाही. इंधनावर आकारणी आली की बैलगाडी सोडून हे सगळे त्यात येतात. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला मोटारसायकलवर फिरणारा माणूस महिन्याला ३० लिटर पेट्रोल जाळत असेल, तर त्याच्यावर वर्षाला १,३०० रुपयांहून जास्त बोजा पडेल. आज तो टोलचा एक रुपयाही देत नाही. एकरभर नांगरट आणि रोटाव्हेटर मिळून ट्रॅक्टर १०-१२ लिटर डिझेल खातो. म्हणजे एकरी ४० रुपयांच्या आसपास वाढ, आणि तीही महामार्गावर चाक न लागलेल्या ट्रॅक्टरवर. रक्कम छोटी दिसते, पण ती जाते कुठून कुठे हे महत्त्वाचं: पुण्याहून कारने नाशिकला जाणाऱ्याचा टोल आटपाडीच्या शेतकऱ्याच्या डिझेलमध्ये मिसळला जातो.

इलेक्ट्रिक गाड्यांचाही प्रश्न आहेच. त्या इंधनावरचा उपकर देत नाहीत, आणि महाराष्ट्रात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून त्यांना टोलमाफीही आहे. या गाड्या वाढतील तसा इंधनावर उभा केलेला निधी आटत जाणार.

"खर्च कधीच वसूल झाला"

यात मेसेज निम्मा बरोबर आहे.

चुकीचा निम्मा असा: रस्त्याचा खर्च बांधणीवर संपत नाही. डांबरी थराला साधारण पाच ते सात वर्षांनी नवा थर द्यावा लागतो. पुलांचे सांधे, बेअरिंग, गटारं, दुभाजक, दिवे यांचा खर्च सतत चालू असतो. कर्जावरचं व्याज असतंच. म्हणूनच २००८ च्या मूळ नियमांतही वसुली पूर्ण झाल्यावर टोल शून्य करा असं म्हटलेलं नव्हतं. दर ४० टक्क्यांवर आणा, असं होतं. 'वसुली झाली म्हणून टोल बेकायदा' हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

बरोबर निम्मा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसतो. २००४ मध्ये तिथली वसुली ९१८ कोटी आगाऊ घेऊन खासगी कंपनीला पंधरा वर्षांसाठी देण्यात आली. ती मुदत २०१९ ला संपली. त्यानंतर २०२० मध्ये ८,२६२ कोटींचा नवा करार झाला. इथे टोल त्या रस्त्याच्या खर्चापुरता राहिलेला नाही. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळासाठी भांडवल उभं करण्याचं साधन झाला आहे. हे लोकांना स्पष्ट सांगून, विधिमंडळात चर्चा करून झालं असतं तर वेगळी गोष्ट होती. तसं झालं नाही, आणि टोलवरचा विश्वास उडण्याचं हे मोठं कारण आहे. त्यावर उपाय म्हणजे जमा-खर्च उघड करणं आणि कराराची मुदत बांधून घेणं. करारच अन्याय्य असेल तर तो मोडतो हेही दिसलं आहे. दिल्ली-नोएडाच्या डीएनडी मार्गावर खर्च आणि त्यावर दरवर्षी २० टक्के परतावा असं सूत्र होतं, ज्यात वसुली कधीच पूर्ण होऊ शकत नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो टोल थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम केलं.

"सरकारने ठरवलं तर उद्या बंद"

ठरवता येतं, ठरवलंही आहे. १ जून २०१५ पासून राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहनं व एसटीला सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांचा टोल लोकांनी लढून घालवला, आणि शहराच्या आतल्या रस्त्यांवर टोल लावणंच चूक होतं.

पण प्रत्येक ठिकाणी करार होता, आणि करार मुदतीआधी बदलला की भरपाई द्यावी लागते. नाक्यावर पैसे घेणं थांबलं, तेच पैसे तिजोरीतून जायला लागले. मुंबईत कारने ये-जा करणाऱ्याची माफी गडचिरोली-नंदुरबारच्या वाट्याच्या तिजोरीतून दिली जाते. २०२५ मध्ये याच राज्यात सरकारी कामांचे कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले. बिलं थकली की पहिल्यांदा थांबतं ते छोट्या कंत्राटदाराकडचं काम, म्हणजे बहुतेक वेळा गावाकडचंच.

"टोल गेला की शेतमाल स्वस्त"

दहा टन कांदा घेऊन ट्रक निघाला. वाटेत टोलचा रस्ता १५० किलोमीटर. ट्रकचा मूळ दर २००७-०८ मध्ये किलोमीटरला २ रुपये २० पैसे होता. दरवर्षी ३ टक्के, शिवाय घाऊक महागाईच्या ४० टक्के, अशी वाढ धरून तो आज पाच रुपयांच्या आसपास आहे. जाताना साधारण ७७० रुपये, रिकामं परत येताना तेवढेच. किलोमागे १५ पैसे. याच ट्रकचं डिझेल ४०० किलोमीटरच्या फेरीला ८० लिटर, म्हणजे सात हजारांच्या वर, किलोमागे ७० पैसे. आडत, हमाली, तोलाई, घट यांपुढे टोलचे १५ पैसे कुठे उभे राहतात ते कांदा विकणाऱ्याला विचारा.

शेतकऱ्याला महाग पडतो तो शेतापासून महामार्गापर्यंतचा पहिला टप्पा. ३.७५ मीटर रुंदीचा रस्ता, वर २० मिलिमीटरचं कार्पेट आणि सील कोट. समोरून दुसरी गाडी आली की एक चाक साइडपट्टीवर उतरतं. मुरूम वाहून गेलेला असतो, खाली काळी माती. डांबराची कड तुटते, तुटलेल्या कडेतून पावसाचं पाणी खडीच्या थरात शिरतं, खालची माती फुगते आणि दोन पावसाळ्यांत रस्त्याचा तिसरा हिस्सा कडेनेच जातो. अशा रस्त्यावर पिकअपमधला टोमॅटो दबतो, द्राक्षाचे मणी गळतात. कडेला वेळेत मुरूम भरून दबाई केली, गटार मोकळं ठेवलं तर हे टळतं, पण बजेटमध्ये दुरुस्तीच्या हेडला पैसा पाहिजे.

टोलविरोधकांचा एक मुद्दा इथे पूर्ण मान्य करायला हवा. नाका चुकवण्यासाठी अवजड ट्रक याच रस्त्यांवर घुसतात. भारामुळे रस्त्याचं होणारं नुकसान साधारण चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे भार दुप्पट झाला की नुकसान सोळापट. २०१८ मध्ये ट्रकच्या एका आसावरच्या (ॲक्सल) भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला पावणेतेरा टक्के, पण नुकसान वाढलं सुमारे ६० टक्के. त्याउलट कारने रस्ता झिजत नाही म्हटलं तरी चालेल. मूळ दरात ट्रकचा टोल कारच्या जेमतेम साडेतीन पट ठेवला आहे. कारवाल्याची तक्रार या हिशेबाने रास्त आहे, पण झिजेपुरतीच. चार आणि सहा पदर लागतात ते गाड्यांच्या संख्येमुळे, आणि ती संख्या कारचीच जास्त.

मग मागायचं काय? टोल असलेला रस्ता टोलच्या लायकीचा असावा, हे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या टोल इन्फर्मेशन सिस्टिम या वेबसाइटवर नाक्याचं नाव टाकून भांडवली खर्च आणि आजवरची वसुली बघता येते. करारातल्या देखभालीच्या परिशिष्टात खड्डा २४ ते ४८ तासांत बुजवण्याचं बंधन असतं. फोटो, तारीख आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा यांसह १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, मग माहिती अधिकारात त्या महिन्याचा स्वतंत्र अभियंत्याचा (ठेकेदाराच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याचा) अहवाल आणि ठेकेदाराला झालेल्या दंडाचा तपशील मागा. केरळात पालियेक्करा नाक्यावरची वसुली खराब रस्त्यामुळे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. काम सुधारल्यावर ऑक्टोबरमध्येच ती पुन्हा सुरू झाली.

आणि ज्या गावातून ट्रक नाका चुकवतात, त्या गावाने ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकारी आणि आरटीओकडे दोन गोष्टी मागाव्यात: वळणाच्या तोंडाशी उंचीरोधक कमान आणि फिरता वजनकाटा. कमान बसची आणि ऊसगाडीची उंची मोजूनच बसवावी, नाहीतर आठवड्यात कुणीतरी ती कापतं. जादा भाराला मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे, आणि माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडता येत नाही.