खुली सीमा म्हणजे बेवारस सीमा नव्हे

‘सीमा खुल्या केल्या की कायदा संपतो आणि स्थानिकांची मजुरी बुडते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. पहिला भाग सरळ चुकीचा आहे. युरोपातल्या काही देशांनी आपसांतली सीमेवरची तपासणी काढून टाकली, तो शेंगेन करार १९८५चा, अंमल १९९५पासून. तरी फ्रान्सचे कायदे फ्रान्सचेच राहिले. युरोपीय संघाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने विनाअट राहू शकतो, पुढे मात्र काम किंवा पोटापुरती ऐपत दाखवावी लागते. हे कोणी सांगत नाही!

मजुरीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. १९८०मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींत दाटीवाटीनं बसून फ्लोरिडाला आली. मायामीतले कामगार काही महिन्यांत जवळपास ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९०मध्ये आकडे तपासले, तर अकुशल कामगारांच्या मजुरीवर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. कारण आलेला माणूस नुसता काम मागत नाही. तो घर भाड्यानं घेतो, बाजारहाट करतो. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी नंतर शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा छोटा गट वेगळा काढून मजुरी घसरल्याचं मांडलं. तो वाद खरा आहे. पण ‘मजुरी बुडतेच’ हे त्यातून निघत नाही.